चौदा नंबरचा लॅपटॉप आता तुझ्याकडे

आमच्या शाळेतल्या लॅपटॉपांना नंबर आहेत. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडा काढलेला असतो आणि तो नखानं खरवडून जात नाही, मी करून बघितलंय. चौदा नंबर माझ्याकडे अकरावी-बारावीची दोन वर्षं होता. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं आणि दुसऱ्या दिवशी सरांनी रजिस्टरवर सही घेऊन तो हातात दिला. आता बारावी झाली, सीईटी झाली, परत करायचाय. सर म्हणाले, "पुढच्या पोरासाठी चार ओळी लिहून ठेव." चार ओळींत काय होतंय? म्हणून हे एवढं. तुझा नंबर दुसरा असला तरी चालेल, आणि तू आमच्या सेलू तालुक्यातला नसलास, औशाकडची किंवा केजकडची असलीस तरी चालेल. ऊन, धूळ आणि लाईटची तऱ्हा सगळीकडं एकच आहे.

आधी चौदाच्या खोडी सांगते, म्हणजे तुझ्यावर आळ नको. डाव्या बिजागरीखाली केसाएवढी चीर आहे, ती मला मिळाला तेव्हाही होती. उजवीकडचा यूएसबी ढिला आहे, पेनड्राईव्ह जरा वर उचलून बसवावा लागतो. आणि 'एल'चं बटण कधी कधी दोनदा उठतं. ते माझ्या घरी झालंय, पुढं सांगते.

सही करायच्या आधी

लॅपटॉप हातात आला की घरी पळू नको. तिथंच सरांसमोर उघड. चारही कोपरे, दोन्ही बिजागऱ्या, स्क्रीनवर पांढरा कागद उघडून कुठं काळा ठिपका दिसतो का, एकेक बटण दाबून उठतं का, कॅमेरा चालतो का, सगळं बघ. मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढ आणि जे मोडकं दिसेल ते रजिस्टरमध्ये लिहायला लाव. नऊ नंबरवाल्या पोरीनं लाजेखातर लिहिलं नाही, आणि वर्षाच्या शेवटी मागच्याचा ओरखडा हिच्या नावावर आला.

चार्जरचा स्टिकर वाच. आउटपुटच्या ओळीत जे व्होल्ट आहेत ते लॅपटॉपच्या पाठीवर लिहिलेल्या व्होल्टांशी जुळलेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. चौदाचा चार्जर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअरचा आहे. गुणाकार केला की ६५ वॉट. बारा नंबरचा ४५ वॉटचा आहे आणि दिसायला अगदी जुळा भाऊ. एकदा अदलाबदल झाली आणि मी आठवडाभर म्हणत राहिले की बॅटरी गेली. म्हणून आता चार्जरलाही चिकटपट्टीवर १४ लिहिलंय.

एक काम घरी जाऊन पहिल्या दिवशीच कर. स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून ती काळी खिडकी उघड. तिथं इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी लिही, एक जागा सोड, उजवीकडं झुकणारी तिरकी रेघ दे, रेघेला चिकटून बॅटरीरिपोर्ट असा सलग शब्द लिही आणि एंटर मार. फाईल कुठं तयार झाली ते खाली लिहून येतं, ती ब्राउझरमध्ये उघड. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाची टाकी आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आज भरते तेवढी टाकी. मला मिळाला तेव्हा ४२ हजारांपैकी ३९ हजार भरत होते, आज ३४ भरतात. हे आकडे वहीत लिहून ठेव, दर तीन महिन्यांनी परत बघ. बॅटरी कधी आणि कशानं उतरली ते त्यावरून कळतं. माझे तीन हजार एकाच उन्हाळ्यात गेले.

ऊन

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण म्हणतो, पण मे महिन्यात जर्मनीची काय बिशाद. बहुतेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापरायची हवा ३५ अंशांपर्यंतची लिहिलेली असते. आपल्याकडं मेमध्ये दुपारी बाहेरच बेचाळीस असतात, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त.

आमचं घर पुढून पत्र्याचं आणि मागून माळवदाचं. पहिल्या उन्हाळ्यात मी पुढच्या खोलीत अभ्यास करायचे, कारण तिथं मोबाईलची रेंज येते. दुपारी दोनला व्हिडिओ लावला की पंखा घोंघों करायचा, मग चित्र अडकत अडकत चालायचं. मला वाटायचं नेट गेलं. नेट जागेवरच होतं. आतला प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून ते अडकत होतं. लिथियमच्या बॅटरीला तर दोन गोष्टी फार खातात: उष्णता, आणि शंभर टक्के भरून तसंच ठेवणं. मी दोन्ही एकदम करत होते. पत्र्याखाली, चार्जर लावून, दिवसभर शंभरवर.

दुसऱ्या उन्हाळ्यात काय केलं ते सांगते. काम पहाटे पाच ते नऊ आणि रात्री आठनंतर. दुपारी लॅपटॉप पूर्ण बंद, माळवदाच्या खोलीत, भिंतीच्या कोनाड्यात. लागणारे व्हिडिओ सकाळीच उतरवून घ्यायचे. चार्जिंग वीसच्या आसपास आलं की लावायचं आणि ऐंशीला काढायचं. प्रत्येक वेळी लक्ष कोण ठेवणार, म्हणून बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपात बॅटरी ठराविक टक्क्यांवर थांबवायची सोय असते. कुठं तिला 'कन्झर्व्हेशन मोड' म्हणतात, कुठं 'बॅटरी हेल्थ'. चौदात ती चालू करून ठेवली आहे, ८० टक्क्यांवर भरणं थांबलं तर बिघडला समजू नको. परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या आदल्या रात्री बंद करून शंभर भरायला हरकत नाही.

गादीवर, गोधडीवर, मांडीवर ओढणी टाकून वापरायचा नाही. बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा आत घेतात. गोधडीनं जाळी झाकली की नाक दाबल्यासारखं होतं. जेवायला बसायचा पाट असतो ना, तो सगळ्यात चांगला. मी जुन्या स्लिपरच्या तळाचे दोन तुकडे कापून मागच्या पायांखाली ठेवते, मागची बाजू बोटभर उचलली जाते आणि पंख्याचा आवाज निम्मा होतो. कूलरसमोर ठेवायचा मोह होईल. ठेवू नको, ती हवा ओली असते. बाजूला बस, तोंड कूलरकडं तुझं असू दे, त्याचं नको.

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची मोठी सुट्टी असेल आणि वापर नसेल तर अर्धी बॅटरी भरून, पूर्ण बंद करून, लोखंडी पेटीत ठेव. पेटी अशासाठी की उंदीर. पेटी पत्र्याखाली किंवा उन्हाच्या भिंतीला नको. महिन्यानं काढून बघ, फार उतरली असेल तर परत अर्धी भर. शून्यावर ठेवून दोन महिने विसरलेली बॅटरी बऱ्याचदा उठतच नाही.

आणि एक गोष्ट घाबरवायला नाही, ओळखायला सांगते. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, क्लिक घट्ट झालं, सपाट फरशीवर लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली असू शकते. चार्जर काढ, बंद कर, दाबून बसवायचा प्रयत्न करू नको, टाचणीबिचणी तर अजिबात नको. सरळ शाळेत नेऊन दे. सतरा नंबरची फुगली होती. ती ज्याच्याकडं होती तो आठ दिवस त्याच्यावर जीवशास्त्राचं पुस्तक ठेवून दाबत होता. त्याचं नशीब मोठं.

लाईट

चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे संध्याकाळी सगळ्या मोटारी सुरू झाल्या आणि बल्ब पिवळा पडला तरी चार्जरला फारसं काही होत नाही. धोका असतो लाईट परत येताना. तिचा पहिला झटका वाईट. आणि डीपीवरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची वायर तुटली की घरातल्या बोर्डात चारशेच्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. आमच्या गल्लीतले तीन टीव्ही आणि एक फ्रीज असाच एका रात्रीत गेला. म्हणून लाईट गेली की आधी उठून पिन काढायची, आल्यावर पाच मिनिटं पंखा नीट फिरतोय का बघायचं, मगच लावायची. वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की तेच. तुझ्याकडं बॅटरी आहे, दोन तास तिच्यावर चालव.

चार्जर लावलेला असताना धातूच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात का? मलाही यायच्या. आजी म्हणायची भूत आहे. ते भूत बोर्डातलं आहे. तीन पिनांतली जाड पिन अर्थिंगची असते, आणि पुष्कळ घरांत बोर्डाला ते भोक असतं पण मागं वायरच नसते. मग चार्जरमधून झिरपणारा अगदी थोडा करंट जमिनीत जायच्या ऐवजी तुझ्या हातातून जातो. काही जण ती जाड पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात बसवतात. तसं करू नको. वायरमनला बोलावून अर्थिंग जोडून घ्यायला दादांना किंवा काकांना सांग; सगळ्या घराचं भलं होईल, फ्रीजला हात लावतानाही. डीपीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओततात ते बघितलं असशील. घरच्या खड्ड्यातही ओतायचं, कोरड्या मातीत करंट जिरत नाही.

चार्जरची वायर ठोकळ्याभोवती करकचून गुंडाळू नको. वायर जिथं ठोकळ्यातून बाहेर येते तिथं ती आतून तुटते आणि वरून काही दिसत नाही. आपले वडील कासरा कसा गुंडाळून खुंटीला अडकवतात ते बघ. सैल वेटोळी, एकावर एक, शेवटी हलकी गाठ. वायरीचंही तसंच. उंदीर आणि शेळीचं करडू या दोघांनाही वायर आवडते, म्हणून चार्जर खाली लोंबत ठेवायचा नाही.

धूळ, कापूस आणि माळवदाची माती

माळवदाची खोली थंड, पण वरून माती गळते. मांजर वरून चाललं तरी चिमूटभर पडते. म्हणून काम संपलं की झाकण लावायचं आणि वरून कापड टाकायचं. उघडा ठेवून जेवायला जायचं नाही. माती बटणांत गेली की लॅपटॉप उभा तिरका धरून, मऊ ब्रशनं बाहेरच्या बाजूला झटकायची. फुंकर नको, तोंडातली थुंकी आत जाते.

कापसाचं वेगळं. वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो, आमच्याकडं तर ढाळजेत छताला टेकतो. त्याचा धागा हवेत उडतो आणि पंख्याच्या जाळीत जाऊन नमदा बनतो. दिवाळीनंतर पंखा जास्त ओरडायला लागला तर तेच कारण. बंद करून, चार्जर काढून, जाळीवरचं बाहेरून ब्रशनं किंवा चिकटपट्टीनं ओढून काढ. गॅरेजवरच्या हवेच्या पाइपानं फुर्र करायला एक जण गेला होता. त्या जोरानं आतला पंखा फिरायला नको तेवढा फिरतो, शिवाय त्या हवेत पाण्याचे थेंब असतात. आतून साफ करणं सरांचं काम, वर्षातून एकदा ते उघडतात. सोयाबीन मळणीच्या दिवसांत अंगणात यंत्र चालू असेल तर लॅपटॉप बाहेर काढायचाच नाही, मग उद्या काय सबमिट करायचंय ते असो.

स्क्रीन आधी कोरड्या मऊ सुती कापडानं, मग लागलंच तर कापडाचा कोपरा जरासा ओला करून. पाणी कापडावर, स्क्रीनवर कधी नाही. बोअरचं पाणी वापरलंस तर क्षाराचे पांढरे डाग पडतात, जारचं घे. काच पुसायचा निळा स्प्रे नको, त्यातल्या अमोनियानं स्क्रीनवरचा थर जातो.

झाकण आणि बॅग

झाकण मधोमध धरून उघडायचं. एका कोपऱ्यानं उघडलं की ते पिळलं जातं आणि सगळा जोर एका बिजागरीवर येतो. चौदाची चीर तशीच पडलेली आहे. बिजागरीतूनच स्क्रीनची पातळ वायर जाते, म्हणजे बिजागरी गेली की पुढचा नंबर स्क्रीनचा. उचलताना स्क्रीनला धरून उचलायचं नाही, खालून दोन हातांनी. आणि लावायच्या आधी बटणांवर नजर टाक. पेन, इअरफोनचा बोंडा, एवढंच काय टिकलीची डबी. झाकण लागताना चटकन आवाज येतो आणि स्क्रीनवर कोळ्याचं जाळं उमटतं.

बॅगेत डबा आणि पाण्याची बाटली वेगळ्या कप्प्यात नाही, वेगळ्या पिशवीत. ठेच्याच्या तेलाला कप्पे कळत नाहीत. एसटीत वरच्या फळीवर ठेवायचा नाही, मांडीवर घ्यायचा. कंडक्टर ओरडले तर हसायचं.

झाकण लावलं म्हणजे बंद झालं असं नसतं. तो फक्त झोपतो, आणि कधी कधी बॅगेत जागा होऊन तिथंच तापत बसतो. बॅगेत घालण्याआधी 'शट डाउन' कर. पण उलटं एक लक्षात ठेव: काहीतरी अडकतंय, वायफाय सापडत नाही, प्रिंटर ओळखत नाही, अशा वेळी 'शट डाउन' करून उपयोग होत नाही, 'रीस्टार्ट'च कर. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना ते निम्मं डोकं तसंच जपून ठेवतं. रीस्टार्टला सगळं पहिल्यापासून सुरू होतं. माझ्या दहा तक्रारींपैकी सात एका रीस्टार्टनं गेल्या.

'एल'चं बटण

आता ते पाप. जानेवारीत भावानं चहाचा कप ठेवायला जागा नाही म्हणून लॅपटॉपच्या शेजारी ठेवला, आणि मीच कोपरानं पाडला. अर्धा कप, गोड. मी जे केलं ते सांगते, कारण त्यातलं बरंचसं बरोबर होतं.

पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, 'सेव्ह करू का' वगैरे काही बघितलं नाही. चार्जर काढला. वरवरचा चहा पंच्यानं टिपला, पुसला नाही, पुसलं की पसरतो. मग झाकण उघडं ठेवून लॅपटॉप उलटा केला, तंबूसारखा, बटणं खाली, जाडजूड टॉवेलवर. आई म्हणाली तांदळात ठेव, काकू म्हणाल्या उन्हात ठेव. दोन्ही केलं नाही. तांदळाचा भुसा आत जातो आणि पाणी काही ओढून येत नाही. उन्हाचं तर वर सांगितलंच. चालू होतो का बघू, हा मोह सगळ्यात वाईट. ओलं असताना करंट सोडला की जे वाचलं होतं तेही जळतं. दुसऱ्या दिवशी तसाच शाळेत नेला आणि खरं सांगितलं. सरांनी उघडलं, आतली साखर साफ केली. दोन दिवसांनी चालू झाला. फक्त 'एल' तेवढा चिकट राहिला.

चूक कुठं झाली? मी आधी दहा मिनिटं रडले आणि भावाला मारलं. ती दहा मिनिटं चहा आत उतरत होता.

इंग्रजीत 'एल' दोनदा उठला तर स्पेलिंग तपासणारा पकडतो. मराठीत मात्र इनस्क्रिप्ट नावाच्या मराठी कीबोर्डात 'एल'वर 'त' आहे. म्हणून माझ्या बारावीच्या प्रकल्पात 'पर्जन्यमानातत घट' असं छापून गेलंय. तुझं नाव 'त'वरून असेल तर आधीच माफी मागते. फार त्रास झाला तर विंडोज, कंट्रोल आणि 'ओ' एकदम दाब, स्क्रीनवरच कीबोर्ड येतो, 'त' माऊसनं उमटव.

मराठी टाईप करणं

सेटिंगमध्ये भाषांत मराठी जोडलेली आहे. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते. इनस्क्रिप्ट पहिल्या आठवड्यात डोकं फिरवतं, पण त्यात तर्क आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'मराठी' लिहायला सी, जे, ई, मग शिफ्ट धरून अवतरणचिन्हाचं बटण, मग आर. जोडाक्षराला मधे 'डी', तो पायमोडका आहे. 'दऱ्या'तला र शिफ्ट आणि जे नं येतो, साध्या 'र'नं 'दर्या' होतं. रोज अर्धा तास वर्तमानपत्रातला एक उतारा टाईप कर. मला तीन आठवडे लागले.

जुन्या सरांच्या नोट्स उघडल्या आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर फाईल खराब नाही. ती कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात आहे, तो फॉन्ट असल्याशिवाय वाचता येत नाही. तू स्वतः मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे वरच्या इनस्क्रिप्टनंच लिही, आणि प्रिंटला नेण्याआधी पीडीएफ कर. नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात काना-मात्रा सगळ्या इकडच्या तिकडं.

झेरॉक्सचं दुकान

तालुक्याला एका दुकानात मी प्रिंट काढायला पेनड्राईव्ह दिला. परत आणून लावला तर सगळ्या फोल्डरांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट, कोपऱ्यात छोटा बाण. मी त्यातल्या एकावर डबल क्लिक केलं. तिथंच चुकलं. फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा तो व्हायरस होता आणि क्लिक म्हणजे त्याला घरात घेणं.

तुझ्यावर वेळ आली तर क्लिक करू नको. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' चालू कर, खरे फोल्डर कधी कधी तिथंच फिकट दिसतात. आधी पेनड्राईव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरनं, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसनं स्कॅन, मग फाईल काढून घेणं, मग पेनड्राईव्ह फॉरमॅट. त्याहून सोपं म्हणजे पेनड्राईव्ह देऊच नको. पीडीएफ ईमेलनं पाठव. मी आता प्रिंटसाठी एक वेगळा, जुना चार जीबीचा ठेवलाय, त्यात बाकी काही नसतं.

अपडेट येतात तेव्हा कंटाळा येतो, पण 'नंतर' 'नंतर' करत महिना घालवू नको. विंडोज १० चा साधा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपले लॅपटॉप सरांनी त्याआधीच ११ वर नेलेत. अपडेट शाळेच्या वायफायवर करायचे. घरी मोबाईलचा हॉटस्पॉट असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड' कर. नाहीतर तो दादाच्या दिवसाच्या दीड जीबीवर सकाळीच हात मारतो आणि मग घरात महाभारत. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तीही शाळेतच उतरवून घे.

गल्लीतले अर्ज

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. घरात लॅपटॉप आला की पंधरा दिवसांत गल्लीला कळतं. "बाई, एवढा पीक विम्याचा फॉर्म भर की." मी पहिल्या वर्षी सात जणांचे भरले. आधार, सातबारा, आठ-अ, पासबुकाचं पहिलं पान. सगळं डाउनलोडच्या फोल्डरमध्ये राहिलं. एकदा सरांनी तपासायला मागितला आणि त्यांना निम्म्या गल्लीचे खाते नंबर दिसले. ओरडले नाहीत, पण त्यांनी जे तोंड केलं ते आठवतंय.

लॅपटॉप शाळेचा आहे, लॉगिन शाळेचं आहे, आणि त्यावर काय चाललंय ते शाळा बघू शकते. घरचे कागद, बँकेचं काही, स्वतःचे फोटो त्यावर ठेवू नको. काकांना नाही म्हणणं जड जातं, मला माहितीये. मी सांगायचे, "शाळेनं कुलूप लावलंय, फॉर्मची साइट उघडत नाही." अर्धं खोटं होतं. तरी कुणाचं काही भरावंच लागलं तर मोबाईलवर भर, आणि लॅपटॉपवर काही उतरलंच तर ते कागद काढून टाक, रिसायकल बिनमधूनही. ओटीपी सांगून कुणाचे पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लाव. जेवढा लवकर तेवढी पैसे अडवायची शक्यता जास्त.

ॲडमिनचा पासवर्ड सरांकडं आहे. गेम टाकायला तो तोडायचे व्हिडिओ मिळतात, मीही एक बघितला होता. गेमपेक्षा जास्त वेळ नंतर विंडोज परत टाकायला जातो, आणि तो वेळ सरांचा जातो.

बाहेरच्या दुकानात उघडायला देऊ नको, हे सहीच्या कागदावरही आहे. सहा नंबर एका दुकानातून 'साफ होऊन' आला तेव्हा आठ जीबीच्या जागी चार जीबी रॅम निघाली.

परत देताना

अभ्यासाच्या फाईली आधी स्वतःच्या गुगल ड्राईव्हवर चढव. साध्या गुगल खात्याला १५ जीबी फुकट असतात, नोट्सला पुरून उरतात. मग ब्राउझरमधून, ईमेलमधून, सगळीकडून साइन आउट. साठवलेले पासवर्ड काढ. स्वतःहून 'रीसेट' मारू नको, शाळेची जोडणी तुटते. ते सर करतात. बॅटरीचा रिपोर्ट परत काढून आकडा रजिस्टरमध्ये लिही आणि नव्या मोडतोडीची नोंद स्वतः कर. मी 'एल'ची केलीये, चहासकट.

कव्हर शाळेचं नाही. आईनं माझ्या आजीच्या जुन्या लुगड्याचं, गोधडीसारखं चार पदरी शिवलंय, चेनीच्या ऐवजी नाडी आहे, कारण चेनीनं झाकण ओरखडतं. ते चौदाबरोबरच ठेवते. धुवायला टाकताना आतल्या छोट्या कप्प्यात आधी हात घाल. स्लिपरचे दोन तुकडे आणि ब्रश तिथंच आहेत.